गार साखर

बाटलीच्या गळ्याशी बसलेला पांढरा थर मृणालिनी ब्रशने खरवडत होती. त्यातला एक कण उडाला, ओठाला चिकटला आणि कळायच्या आत जिभेने तो आत ओढून घेतला. आधी आली ती किळस. पाखरांच्या चोची, पाखरांची पातळ शी, चार दिवसांत मेलेली पाखरं, आणि त्याच बाटलीवरचा कण आपल्या तोंडात! ती सिंकमध्ये थुंकली, नळ सोडून पुन्हा थुंकली, रबरी मोज्याच्या पाठीने ओठ पुसायला गेली आणि मोजाही त्याच पाण्यातला आहे हे आठवून तिने हात झटकला. मग थुंकता थुंकता ती थांबली. जिभेचा शेंडा गार पडला होता. पेपरमिंटची गोळी चघळल्यावर पडतो तसा. साखरेने जीभ गार पडत नाही. जीभ गार पाडणारी साखर या घरात एकाच डब्यात होती, आणि तो डबा मृणालिनीने स्वतःच्या हाताने भरला होता.

खिडकीतून बाबा दिसत होते. अंगात जावयाचं जुनं जॅकेट, कानटोपी, पायात तिचेच बागेतले गमबूट. राजाराम देवस्थळी, वय वर्षं सत्त्याहत्तर, पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षं काढलेले, लिंबाच्या झाडाखाली खड्डा खणत होते. कारखान्यातल्यासारखं माप घेऊन, कडा सरळ ठेवून. डेकच्या पायरीवर घरोघर फुकट टाकतात त्या पेपराचं पान अंथरलेलं होतं आणि त्यावर ओळीने चार पाखरं. मुठीत मावतील एवढी, पाठीवर हिरवी, डोळ्याभोवती पांढरं कडं. इथे ऑकलंडमध्ये त्यांना वॅक्सआय म्हणतात. बाबांनी जुलैत आल्या आल्याच ती ओळखली होती. "अगं, हे तर आपले चष्मेवाले! आपल्या शेवग्यावर यायचे ते!" म्हणून ते लहान पोरासारखे खिडकीला नाक लावून उभे राहिले होते. काचेवर नाकाचा तेलकट ठसा उमटला होता आणि तो मृणालिनीने ते झोपायला गेल्यावर स्प्रे मारून पुसला होता. बुधवारी एक, गुरुवारी तीन, काल पाच, आज चार. या सगळ्याला एकच कारण आहे, बाबांचे हात, असं ती आत्तापर्यंत ठाम धरून चालली होती.

धरून चालली होती एवढंच नाही, तसं बोललीही होती. फार्मसीत काम करणाऱ्या माणसाला जंतू दिसत नसले तरी दिसतात. बुधवारचं पाखरू डेकवर उताणं सापडलं, भोवती पांढरट पाणीदार शिंतोडे, आणि तिने लगेच निदान करून टाकलं. जुलाब. इन्फेक्शन. बाटली नीट धुतली जात नाही. "बाबा, हात धुता का तुम्ही पाणी करायच्या आधी?" तिने विचारलं. बाबा म्हणाले, धुतो की. "साबणाने?" बाबा गप्प. "चमचा चाटून परत घालता ना त्यात?" बाबा आणखी गप्प. "मग मरतील नाहीतर काय होईल?" ही शेवटची ओळ तिने मोठ्या आवाजात म्हटली नव्हती. औषधाच्या खिडकीतून पेशंटला सांगावी तशी शांतपणे सांगितली होती. तेव्हापासून तीन दिवस बाबा डॉक्टरांसारखे कोपरापर्यंत हात धूत होते. साबण चोळून, मागून-पुढून, आणि तिच्यासमोर दोन्ही हात धरत होते. "बघ, ठीक आहेत?" ते सुरकुतलेले, मशीनच्या जुन्या काळ्या रेघा कातडीत कायमच्या राहिलेले हात तिला बघवत नसत. "आहेत," ती म्हणायची आणि मान फिरवायची.

पण डबा तिनेच दाखवला होता. हे आता तिच्या जिभेवर त्या गार जागेसारखंच बसलं.

जुलैत बाबा आले तेव्हा त्यांच्या बॅगेत चिक्की, दोन किलो गुळाची ढेप, बाकरवडी, आणि रक्ताचा रिपोर्ट होता. खाणं सगळं कस्टम्सवाल्यांनी जाऊ दिलं. रिपोर्ट मृणालिनीच्या हाती लागला. तीन महिन्यांची सरासरी साखर आठच्या वर. रिपोर्टच्या पाठीवर बाबांनी पेन्सिलीने किराण्याची यादी केली होती. तिने काही न बोलता गूळ कचऱ्याच्या लाल झाकणाच्या बिनमध्ये टाकला, घरातली साखर टाकली, आणि न्यू लिनच्या हेल्थ शॉपमधून साखरेसारखं दिसणारं पांढरं दाणेदार काहीतरी आणलं. साखरेसारखं म्हणजे हुबेहूब. तसाच दाणा, तशीच चकाकी, चमच्यातून पडताना तसाच आवाज. जिभेला गोड, रक्ताला पत्ता नाही. जशीच्या तशी शरीरात जाणार, जशीच्या तशी बाहेर. पहिल्या दिवशी तिने चिमूट चाखून बघितली होती. तोंड गार पडलं होतं आणि आपल्या हुशारीवर ती खूश झाली होती.

आणि ही हुशारी तिने आईच्या डब्यात भरली. स्टीलचा उभा डबा, झाकणाला मधोमध पोचा, पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव: सौ. आशालता राजाराम देवस्थळी. आई गेल्यावर पुण्याहून तिने एवढंच आणलं होतं. बाबांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकताच तो डबा ओळखला, त्याच्यावरून हात फिरवला, झाकण उघडलं, आत पांढरं बघून हसले. नाव कोरलेल्या डब्यात साखरच असायची. चाळीस वर्षं साखरच होती. त्यांनी विचारलंसुद्धा नाही. फार्मसीत ती नव्या मुलींना घोकायला लावते: लेबल तीनदा वाचायचं. फळीवरून काढताना, मोजताना, परत ठेवताना. या डब्यावर लेबल होतं ते आईचं.

मग ते सुरू झालं. ती मायक्रोवेव्हच्या काळ्या काचेत बघायची. मागे बाबा हळूच डबा काढायचे, झाकण आवाज न करता उघडायचे, चमचा डब्यात, चमचा तोंडात, आणि तोच ओला, चाटलेला चमचा परत डब्यात. डोळे मिटलेले. गळ्याची घाटी वर-खाली. नंतर दातांच्या कवळीत अडकलेला दाणा जिभेने उकरण्याचा चुटुक चुटुक आवाज. दिवसातून चार-पाच वेळा. मृणालिनीला किळस यायची, आणि त्या किळसेच्या बुडाशी एक छान गरम समाधान असायचं. खा म्हणावं. चोरा, अजून चोरा. काही मिळणार नाहीये. एकदा चहा बशीत ओतून भुरकताना ते म्हणाले होते, "तुमच्या इकडची साखर जरा गार लागते गं." आणि ती म्हणाली होती, "इथे सगळंच गार असतं, बाबा." या उत्तरावर अक्षत, तिचा नवरा, हसला होता. बाबाही हसले होते, बशीतला चहा दाढीवर सांडेपर्यंत.

अशात सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दक्षिण ध्रुवाकडून गार वादळ आलं. इथला वसंत, झाडांना पालवी, रस्त्याकडेच्या कोव्हायला पिवळी फुलं लगडलेली, लोकांनी जांडल्स, म्हणजे रबरी चपला, बाहेर काढलेल्या, आणि एका दुपारी आभाळ शिशासारखं होऊन गारा पडायला लागल्या. दोन तासांत कोव्हायची फुलं चिखलात. गटाराच्या जाळीवर त्यांचा पिवळा, कुजका, लिबलिबीत थर. मधाच्या आशेवरची पाखरं अंगाचे कापसाचे बोळे करून कुंपणावर बसली. दुसऱ्या दिवशी शेजारची शर्ली कुंपणावरून डोकावली. सत्तरीची बाई, एवढ्या थंडीत अर्ध्या चड्डीत. "किआ ओरा, लव्ह," म्हणाली आणि पाखरांना साखरपाणी पाजायची, उलटी टांगायची बाटली दिली. चार भाग पाणी, एक भाग साखर. मध नाही, ब्राउन शुगर नाही. ओन्ली द रिअल स्टफ. मृणालिनीने बाबांसाठी तिथल्या तिथे त्याचं मराठी केलं होतं. "साधी पांढरी साखर, बाबा. चार कप पाण्याला एक कप." आणि बोट दाखवलं होतं. "त्या डब्यातली."

हे बोट कुणी दाखवलं? ती सिंकपाशी उभी राहून स्वतःच्या पिवळ्या रबरी बोटाकडे बघत राहिली. विसरली होती, असं म्हणता आलं असतं. पण विसरली नव्हती. कुणी विचारलं असतं की त्या डब्यात काय आहे, तर तिने झटकन सांगितलं असतं. फक्त त्या क्षणी, बाबांशी बोलताना, ती साखर होती. अडीच महिने ती इतक्या सरळ चेहऱ्याने त्याला साखर म्हणत आली होती की खोटं तिच्या स्वतःच्या तोंडातही विरघळून गेलं होतं. आणि खुणा काय कमी होत्या? बाबांनी पाणी सांडवलं, ओट्यावर थारोळं वाळून पांढरी पापडी झाली, पण मुंगी फिरकली नाही. या घरात भिंतीतून मुंग्यांच्या रांगा लागतात आणि जामचा ठिपका त्या पाच मिनिटांत शोधतात. "मुंग्या कशा लागत नाहीत गं?" बाबा म्हणाले होते. तुई पक्षी आला, काळाभोर, गळ्याशी पांढरे गोंडे, दोनदा चोच घातली, फांदीला चोच पुसली आणि गेला तो आलाच नाही. "काळोबा नखरेल आहे," बाबा म्हणाले होते. मुंग्यांना कळलं, काळोबाला कळलं. फार्मसीची डिग्री घेतलेल्या बाईला कळलं नाही. चष्मेवाले तेवढे बिचारे आले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, एकमेकांना ढकलत, गोड लागतंय म्हणून पीत राहिले. आणि बाबा खुर्ची टाकून काचेमागे बसायचे. "पोटभर पितायत बघ."

तिने नळ बंद केला. अक्षत आत आला, पायजम्यावर, हातात फोन. "झाली का बाटली धुऊन? बाबा विचारतायत."

"कोपऱ्यावरच्या डेअरीत जा आणि साखर घेऊन ये," ती म्हणाली. "आत्ता. दोन पाकिटं. साधी पांढरी."

"साखर? आपल्याकडे तर," आणि अक्षतची नजर डब्यावर गेली. त्याला माहीत होतं. डबा भरला त्या दिवशी त्यानेच नरसाळं धरलं होतं. "ओह नो. मृणाल. यू आर किडिंग."

"जा ना."

त्याने जांडल्स पायात सरकवल्या, किल्ली घेतली आणि दारात थांबला. "हे बघ, बाबांना सांगायची काय गरज आहे? इन्फेक्शनच झालं म्हण. ते ऑलरेडी खूप रडलेत. मी साखर आणतो, डब्यात भरतो, आजपासून पाखरं ठीक. त्यांनाही वाटेल, हात धुतले म्हणून ठीक झाली. स्वीट अ‍ॅज, सगळं ओके."

तो गेला. त्याचं बोलणं इतकं सोयीचं होतं की तिला त्याचा राग आला. सोयीचंच तर होतं सगळं. नाहीतरी बाबांनी मानलंच होतं. माणूस आपण होऊन दोष घेतो तेव्हा तो परत करायला कोण जातं? फार्मसीत औषध चुकलं तर पहिलं काम, पेशंटला सांगायचं. मालकाला नंतर, फॉर्म नंतर. ती स्वतः हे शिकवते. पाच वर्षांपूर्वी तिने एका म्हाताऱ्याच्या घरी जाऊन, दारात उभं राहून, गोळी चुकली असं सांगितलं होतं आणि त्याने तिलाच चहा पाजला होता. तेव्हा इतकं जड गेलं नव्हतं. तो म्हातारा तिचा कुणी नव्हता आणि त्याच्याकडे तिचं काही येणं नव्हतं. बाबांकडे होतं. बाबांनी काय केलं होतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

सहा वर्षं झाली. पुण्याचं हॉस्पिटल, तिसरा मजला, जनरल वॉर्डच्या टोकाची खोली. ती बारा दिवसांच्या रजेवर ऑकलंडहून धावत आली होती. मधुमेहाने आईच्या पायाचा अंगठा खारकेसारखा काळा, सुरकुतलेला झाला होता आणि त्याच्या मुळाशी कातडीवर हिरवट ओल. फिनेलचा वास, डेटॉलचा वास, आणि दोन्हींच्या खालून येणारा तो तिसरा, गोडसर वास. तो गोड होता हेच तिला सहन झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पाऊल कापायचं होतं. ती डॉक्टरांशी बोलून परत आली आणि दारातच थांबली. बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. कंदी पेढा. घामाने कागद पेढ्याला चिकटलेला. त्यांनी तो नखाने सोडवला, दोन तुकडे केले आणि एक आईच्या तोंडात घातला. आईने पेढा खाल्ला, मग बाबांचं बोट तोंडात धरून चोखलं. चोखलं आणि दोघं हसली. शाळेतली पोरं वर्गात चिंच खातात तशी, तोंड दाबून. त्यांच्या पायाशी, चादरीच्या बाहेर, तो अंगठा. मृणालिनी वॉर्डच्या बेसिनकडे पळाली आणि ओकली. बाबा मागून आले होते. पाठीवर हात ठेवून म्हणाले होते, "पित्त झालं का गं?" तिने तो हात खांदा उडवून झटकला होता. त्यांच्या बोटांना पेढ्याचा वास येत होता.

आई चार महिन्यांनी गेली. एका पेढ्याने कुणी मरत नाही हे तिला कळत होतं. पण तो एक नव्हता. तो खिसा चाळीस वर्षांचा होता. संक्रांतीचा हलवा, सत्यनारायणाचा शिरा, कारखान्यातून आणलेली दिवाळीची मिठाई, सगळं त्या खिशातून, त्या घामेजल्या कागदातून आईच्या तोंडात गेलं होतं. त्यालाच त्या घरात प्रेम म्हणायचे. सहा वर्षं ती मनातल्या मनात एकच वाक्य धरून होती, बाबांनी आईला मारलं, आणि ते वाक्य एकदा तरी बाबांच्या तोंडून यावं एवढीच तिची मागणी होती. तिकीट तिनेच पाठवलं होतं. व्हिसा तिनेच केला होता. पहिल्यांदा या शहरात यायला निघताना बाबांनी तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली होती. ती खाल्ल्यावर हात चिकट झाला आणि विमान सुटेपर्यंत तो चिकटपणा गेला नव्हता. तेव्हा तिला रडू आलं होतं. आता आठवलं तर फक्त चिकटपणा आठवायचा.

मागचं दार वाजलं. बाबा गमबूट न काढताच आत आले, चिखल फरशीवर उमटवत, आणि एरवी ती ओरडली असती. त्यांनी सरळ फळीवरचा डबा काढला.

"बाबा, डबा कशाला?"

"आलोच," म्हणत ते बाहेर गेले.

ती तशीच मोज्यांसकट मागे गेली. वारा तोंडावर ओल्या फडक्यासारखा बसत होता. कुंपणावर जिवंत राहिलेली सहा-सात पाखरं अंगं फुगवून बसली होती, टांगलेल्या बाटलीच्या रिकाम्या जागेकडे बघत. बाबा खड्ड्यापाशी गुडघ्यांवर बसले. चारही पाखरं त्यांनी एकेक करून आत ठेवली, चोची एका दिशेला. मग डब्याचं झाकण काढलं आणि चिमूट भरली.

"जाणाऱ्याचं तोंड गोड करावं," ते म्हणाले. "आशा असती तर तिने दहीसुद्धा आणायला लावलं असतं." हसायला गेले, पण ते जमलं नाही. चिमूट तशीच बोटांत राहिली. "मृणाल, एक बोलू का? तू त्या दिवशी दारात होतीस. मला माहीत आहे. मी बघितलं होतं तुला."

ती दोन पावलं पुढे आली.

"दुसऱ्या दिवशी तिला ऑपरेशनला आत नेणार होते. घाबरली होती गं. मला म्हणाली, काहीतरी गोड द्या. मी म्हटलं, एका पेढ्याने काय होतंय." त्यांच्या नाकातून पाणी आलं आणि वरच्या ओठावर थांबलं. ते त्यांनी पुसलं नाही. "तू सहा वर्षं बोलली नाहीस. मीपण नाही. मला वाटायचं, तुला काय कळणार, तू तिकडे लांब. पण आता ही पाखरं. माझ्या हातालाच काहीतरी आहे. धुऊन जात नाही असलं. माझ्या हातचं गोड ज्याच्या तोंडात गेलं," आणि तिथे त्यांचा आवाज फाटला. "आशाला मीच घालवली. तू म्हणत नाहीस, पण तसंच आहे."

हेच वाक्य. शब्दन् शब्द हेच. तिने किती वेळा मनात ते त्यांच्या तोंडी घालून बघितलं होतं, फोनवर, विमानतळावर, जेवताना. आणि आता ते समोर पडलं होतं, नाकातल्या पाण्यासकट, आणि तिला ते घ्यायची किळस आली. दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं कुणी आग्रहाने वाढावं तशी. हे तिने मिळवलं नव्हतं. तेरा पाखरांना उपाशी मारून, त्यांचा आळ या माणसावर घालून, तो दाबून दाबून तिने ते पिळून काढलं होतं. गप्प राहिलं तर ते कायमचं तिचं होणार होतं. अक्षत साखर घेऊन येतच असेल. तोंड उघडायची गरज नव्हती. बाबांनी चिमूट पाखरांवर सोडली. हिरव्या पिसांवर पांढरे दाणे चकाकले. बोटांना चिकटलेलं त्यांनी, चाळीस वर्षांच्या सवयीने, रडता रडताच तोंडाकडे नेलं.

"खाऊ नका," ती म्हणाली. "बाबा, ती साखर नाहीये."

बोटं ओठांशी थांबली.

"साखरेसारखं दिसतं फक्त. गोड लागतं. तुमची शुगर वाढू नये म्हणून मी आणलं. त्याने अंगात काहीच जात नाही."

"कुणाच्याच?"

"कुणाच्याच नाही."

बाबांनी डब्यात बघितलं. मग खड्ड्यात बघितलं. त्यांना वेळ लागला. टूलरूममध्ये एखादं माप जुळत नसलं की ते असेच गप्प व्हायचे, कुठे चुकलं ते मागे मागे जात शोधायचे.

"पोटभर पीत होते गं," ते म्हणाले. "मी बघत होतो. पोटभर प्यायले, आणि उपाशी मेले?"

"हो."

"माझ्या हातामुळे नाही?"

"नाही. माझ्यामुळे. मी विसर... नाही, विसरले नव्हते. मी तुम्हाला तोच डबा दाखवला."

"आणि माझा चहा?"

"त्यातही तेच."

"कधीपासून?"

"आलात त्या दिवसापासून."

आता ते रागावतील, आता ओरडतील, असं तिला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी डब्याच्या पोटावरची माती अंगठ्याने पुसली. ठिपक्यांचं नाव वाचल्यासारखा अंगठा हळूहळू पुढे सरकला.

"आशाच्या डब्यात घातलंस?"

बाबांनी वर बघितलं. नाकपुड्या आक्रसल्या, वरचा ओठ एका बाजूने किंचित उचलला गेला. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. आई म्हणायची, नाक मुरडण्यात ही थेट बापावर गेली आहे. पण त्या माणसाला नाक मुरडताना मृणालिनीने आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. कुजका अंगठा त्यांनी मांडीवर घेऊन पुसला होता, ओकारी पुसली होती, आणि चेहरा असा झाला नव्हता. तो असा झाला तो आज, तिच्याकडे बघताना.

ते उठले. एका हाताने लिंबाचा बुंधा धरून, सावकाश. डबा त्यांनी खड्ड्याच्या कडेला झाकण लावून ठेवला, कोपऱ्यातल्या बागेच्या नळापाशी गेले, नळ सोडला, ओंजळ भरली आणि चूळ भरली. थुंकले. पुन्हा भरली. अडीच महिन्यांचं सगळं धुऊन काढायचं असल्यासारखे ते वाकून, घशापर्यंत पाणी नेऊन, गुळण्या करत राहिले. त्यांची कानटोपी सरकून डोळ्यांवर आली होती. पाठ हलत होती. रस्त्यावर अक्षतच्या गाडीचं दार वाजलं आणि कुंपणावरची पाखरं एकदम उडून परत बसली.

मृणालिनी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या बेसिनपाशी ते तिच्या मागे उभे होते तशी. त्यांच्या पाठीवर ठेवायला तिने हात पुढे केला. पिवळा मोजा, त्यावर पाखरांच्या बाटलीतला काळपट ओघळ.

बाबा वळले नाहीत. नळ तसाच वाहू देत, बाजूला सरकून त्यांनी तिला जागा करून दिली.

"आधी हात धू," ते म्हणाले.